आकडा तर येतोय ना!

एप्रिल महिन्यात पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात डोकावून बघा. मातीचा ओलावा मोजून आपोआप पाणी सोडणारं ‘स्वयंचलित ठिबक सिंचन’ करत बसलेला एक तरी गट सापडणारच. गटात चौघं असतात. एक कोड लिहितो, एक सोल्डरिंग करतो, एक रिपोर्ट टाइप करतो आणि चौथा चहा सांगून येतो. शेत म्हणजे एक कुंडी, आणि ती कुंडीही बहुतेक वेळा प्राचार्यांच्या केबिनबाहेरून न विचारता उचललेली. महाराष्ट्रातल्या शेतीचं पाणी या कुंड्यांनी आजवर किती वाचवलं ते सांगता येणार नाही, पण प्रयोगशाळांच्या फरशा मात्र भरपूर भिजवल्या.

नोकरीची सगळी वर्षं मी चिंचवड-भोसरीकडच्या कारखान्यांमध्ये तापमान, दाब, टाकीतली पातळी असली मापं घेणारी यंत्रं लावत हिंडलो. ही बातमी सोसायटीत कशी पसरली कोण जाणे. त्यामुळे सबमिशनच्या आदल्या रात्री दारात पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यातून लोंबणाऱ्या रंगीत वायरी आणि त्यामागे एक जागरणाने सुजलेला चेहरा उभा राहतो.

‘काका, जरा बघता का?’

‘काय होतंय?’

‘तसं काही नाही. आकडा तर येतोय.’

या वाक्याची मला धास्ती आहे. ‘आकडा येत नाही’ म्हणणारा मुलगा पंधरा मिनिटांत घरी जातो. कुठली तरी वायर सुटलेली असते, ती लावली की झालं. ‘आकडा येतोय’ म्हणणारा मुलगा मात्र आमच्याकडे जेवूनच जातो.

कारण मायक्रोकंट्रोलरमधला एडीसी ‘माहीत नाही’ असं कधीच म्हणत नाही. बाहेरून आलेलं व्होल्टेज घ्यायचं आणि त्याचा आकडा करून प्रोग्रामच्या हातात द्यायचा, एवढंच त्याचं काम. मुलं वापरतात त्या आर्डुइनो ऊनो बोर्डावर अ‍ॅटमेगा३२८पी नावाची चिप असते आणि तिच्यातला एडीसी १० बिटांचा, म्हणजे तो ० ते १०२३ यांच्यामधला एक आकडा देतो. सेन्सर लावा, आकडा येतो. भलताच सेन्सर लावा, आकडा येतो. वायर उंदराने कुरतडली, तरी येतो. सेन्सर तापकीर गल्लीतल्या दुकानातून आणायचाच राहून गेला असेल आणि पिन हवेत लोंबकळत असेल, तरीही ३४७, ३५२, ३३९ असे सज्जन दिसणारे आकडे शिस्तीत येत राहतात. पिनजवळ बोट नेलं की ते नाचायला लागतात, कारण घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ बोटामार्फत पिनमध्ये उतरतात. मुलाला वाटतं, सेन्सर फारच संवेदनशील निघाला. आर्डुइनोच्या अधिकृत कागदपत्रांत तर असा सल्लाच आहे, की कसलाही ताळमेळ नसलेला आकडा हवा असेल तर न जोडलेली पिन वाचावी. ज्याने काहीच मोजलेलं नाही अशा आकड्यालाही तिथे रीतसर नोकरी आहे.

हा आकडा चिप काढते कशी, ते समजून घ्यायचं असेल तर लग्न जमवणारी मावशी डोळ्यांपुढे आणा. मावशी मुलाला पगार थेट विचारत नाही, ते बरं दिसत नाही. ती आधी त्याच्या हातात पोह्यांची बशी देते, म्हणजे बशी संपेपर्यंत तो जागचा हलायचा नाही. मग ती बरोबर मधूनच सुरुवात करते. ‘महिना पन्नास तरी सुटत असतील ना रे?’ मुलगा ओशाळं हसतो. म्हणजे वर. ‘मग पंचाहत्तर?’ मुलगा पोह्यांतलं खोबरं निवडायला लागतो. म्हणजे खाली. ‘साठ-बासष्ट धरू का?’ दर प्रश्नाला उरलेल्या पल्ल्याचा निम्मा भाग उडवत उडवत, एक लाखाच्या आतला कुठलाही पगार मावशी दहा प्रश्नांत शंभर रुपयांपर्यंत नेऊन भिडवते. मुलाने तोंडातून एकही आकडा काढलेला नसतो. नुसतं वर, खाली, वर, खाली.

चिपमध्ये हेच चालतं. आत १४ पिकोफॅरडचा एक चिमुकला कपॅसिटर आहे, तो पिनवरचं व्होल्टेज क्षणभर धरून ठेवतो. ती पोह्यांची बशी. मग ‘रेफरन्सच्या, म्हणजे तुलनेला घेतलेल्या व्होल्टेजच्या, निम्म्याहून वर की खाली?’ इथपासून दहा प्रश्न. सगळं मिळून घड्याळाचे १३ ठोके लागतात. एडीसी नुकताच चालू केला असेल तर पहिल्या मापाला २५, कारण आतल्या सर्किटला जागं व्हायचं असतं.

ही गोष्ट कळली की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. मुलं बॅटरी वाचवायची म्हणून सेन्सरच्या वाटेत मेगाओहमचे रेझिस्टर लावतात. चिप बनवणाऱ्यांचं डेटाशीट सांगतं, की समोरच्या सर्किटचा अडथळा १० किलोओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. जास्त असेल तर तो कपॅसिटर वेळेत भरतच नाही. घुम्या मुलाने चेहऱ्यावर काही दाखवायच्या आत मावशी पुढच्या प्रश्नावर गेलेली असते. उत्तर तरीही येतंच, फक्त पगार भलताच निघतो.

त्याहून मजेदार प्रकार दोन कुंड्यांचा. एक गट दोन कुंड्या, दोन सेन्सर आणि प्रचंड आत्मविश्वास घेऊन आला. पडद्यावर पहिली कुंडी ६१२, दुसरी ६०९. पहिल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं. पहिली उतरून ३८०, दुसरी ३९१.

‘बघा काका, दोन्ही सेन्सर कसे जुळतात!’

‘अरे, पण पाणी तू एकाच कुंडीत ओतलंस ना?’

चौघंही गप्प. मी दुसऱ्या सेन्सरच्या वायरीवरून बोट फिरवत गेलो, तर ती ब्रेडबोर्डाखाली शिरून तिथेच संपत होती. कशालाही जोडलेली नव्हती. चिपमध्ये एडीसी एकच असतो. तो आळीपाळीने एकेका पिनकडे वळतो. पहिल्या पिनवर भरलेला कपॅसिटर घेऊन तो दुसऱ्या पिनवर आला आणि तिथे कोणीच नव्हतं. मग त्याने हातात होतं तेच वाचून दाखवलं. गटाच्या रिपोर्टात त्याआधीच एक वाक्य टाइप होऊन बाइंडिंगला गेलं होतं: ‘दोन्ही सेन्सरच्या नोंदींमध्ये उत्तम सुसंगती आढळून आली.’ ते खोटं आहे असं मला म्हणता येईना.

आता एडीसी कामाला लावण्याकडे येऊ. एरवी आर्डुइनोची लायब्ररी ही सगळी कामं परस्पर उरकते आणि मुलांना आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. पण काही गाइड सरांचा आग्रह असतो, की लायब्ररी वापरायची नाही, रजिस्टरं, म्हणजे चिपमधले आकड्यांचे कप्पे, स्वतः लिहायची. सरांचा हा आग्रह मला मनापासून आवडतो, कारण त्यातूनच तर खरी करमणूक सुरू होते. मुख्य रजिस्टरं दोन. एडीमक्समध्ये कुठल्या पिनकडे बघायचं आणि कशाच्या तुलनेत मोजायचं ते सांगायचं. एडीसीएसआरएमध्ये चालू-बंद, ‘आता मोज’ असा हुकूम आणि घड्याळाचा वेग.

वेगाचं बघा. पूर्ण १० बिट हवे असतील तर एडीसीचं घड्याळ ५० ते २०० किलोहर्ट्झच्या दरम्यान ठेवा, असं डेटाशीट सांगतं. बोर्डाचं मूळ घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं. त्याला २, ४, ८, १६, ३२, ६४ किंवा १२८ ने भागायची सोय दिली आहे. ६४ ने भागलं तर २५० किलोहर्ट्झ, म्हणजे मर्यादेबाहेर. १२८ ने भागलं तर १२५, मर्यादेत. म्हणजे सात पर्याय समोर ठेवलेत आणि त्यांतला बरोबर एकच. बरं, चिप चालू होते तेव्हा आपणहून कुठला पर्याय घेऊन उठते? तर २ चा. ८ मेगाहर्ट्झ. मर्यादेच्या चाळीसपट. हा भाजक ठरवणाऱ्या तीन बिटांना हात न लावणाऱ्या मुलाची मावशी घराच्या उंबऱ्यावरूनच दहा प्रश्न विचारून जिना उतरलेली असते. आणि आकडा? येतो की.

हे सगळं सांगितलं, तरी एखादा हुशार मुलगा वेग कमी करायला राजी नसतो. १२५ किलोहर्ट्झला एक माप घ्यायला १०४ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण ९,६०० मापं. ‘काका, एवढ्यात भागेल का?’ मी त्याचा कोड खाली सरकवत नेतो. शेवटी त्याने स्वतःच लिहिलेली ओळ असते: एक सेकंद थांबा. आणि मोजायची आहे कुंडीतली माती, जी सुकायला दोन दिवस लागतात.

माप पूर्ण झालं की एडीआयएफ नावाचा एक बिट १ होतो. पुढच्या मापाआधी तो ० करायचा तर त्यात काय लिहायचं? १. होय, १ पुसायला १ च लिहायचा. हे सांगितल्यावर प्रत्येक मुलगा माझ्याकडे ममतेने बघतो. काकांचं वय झालं, रात्र फार झाली, आता त्यांना पाणी द्यावं, असं काहीसं त्याच्या मनात येतं. मग मला डेटाशीटचं ते पान उघडून दाखवावं लागतं. ते वाचून तो डेटाशीट लिहिणाऱ्याकडे तसाच बघतो.

निकालाचीही एक तऱ्हा आहे. चिप ८ बिटांची आणि निकाल १० बिटांचा, म्हणून तो दोन रजिस्टरांत वाटून ठेवलेला. खालचा भाग आधी वाचायचा, मग वरचा. खालचा वाचला की चिप दोन्हीला कुलूप घालते आणि वरचा वाचेपर्यंत नवा निकाल आत येऊ देत नाही. उलट्या क्रमाने वाचलंत, आणि चिप आपणहून एकामागून एक मापं घेत असली, तर एका मापाचं डोकं आणि दुसऱ्याचं धड मिळतं. दिसायला तोही आकडाच असतो, आणि ० ते १०२३ यांच्यामध्येच असतो.

पण या सगळ्या किरकोळ गोष्टी झाल्या. खरा घोळ असतो ‘कशाच्या तुलनेत’ या प्रश्नात. एडीसीचा आकडा म्हणजे व्होल्ट नव्हेत. रेफरन्स म्हणून जे व्होल्टेज दिलं असेल त्याचे १०२४ भाग करून पिनवर त्यांतले किती भाग आहेत, एवढंच तो सांगतो. रेफरन्स ५ व्होल्टचा असेल तर एक भाग ४.८८ मिलिव्होल्टचा. आता तापमानाचा एलएम३५ हा सेन्सर घ्या. तो एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. खोलीत ३० अंश असतील तर ३०० मिलिव्होल्ट, आणि एडीसी सांगतो ६१. मुलांचा पडदा त्याचं रूपांतर करून दाखवतो: २९.७९. यापुढचा आकडा ६२, तो पडद्यावर ३०.२७ होतो. २९.७९ आणि ३०.२७ यांच्यामध्ये या यंत्राला काही दिसतच नाही. त्यात डेटाशीटने आधीच कबूल करून ठेवलं आहे, की एकूण चूक २ भागांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. म्हणजे जवळजवळ एक अंश. आणि मुलं दशांशचिन्हापुढची दोन घरं छापतात. एकाला म्हटलं, ‘हे नुसतं ३० लिही.’ तो म्हणाला, ‘काका, ३० लिहिलं तर परीक्षकांना वाटेल आम्ही अंदाजाने लिहिलंय.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे ३० म्हटलं की लोक ‘कशावरून?’ विचारतात आणि २९.७९ म्हटलं की वहीत लिहून घेतात.

आणि ते ५ व्होल्ट तरी कुठले! ते येतात लॅपटॉपच्या यूएसबीतून, आणि यूएसबीचे ५ म्हणजे पावणेपाच ते सव्वापाच यांच्यामध्ये जे मिळेल ते. त्याच वायरीवर मुलांनी पाण्याचा छोटा पंपही लावलेला असतो. एका गटाचा प्रयोग मी शेजारी बसून पाहिला. पडद्यावर तापमान २९.७९. माती कोरडी झाली, रिले ‘टक’ वाजला, पंप घरघरला आणि तापमान एकदम ३१.७४. पंप बंद, पुन्हा २९.७९. पुन्हा पंप, पुन्हा ३१.७४. खोलीत पंखा चालू, खिडकी उघडी, आणि दोन अंश येतात नि जातात. पंपाने ओढल्यामुळे ५ चे ४.७ व्होल्ट होत होते. सेन्सरचे ३०० मिलिव्होल्ट जागच्या जागी होते, पण मोजपट्टीच आखडली, म्हणून ६१ चे ६५ झाले. प्रोग्राम बिचारा अजूनही ५ व्होल्टचाच हिशोब धरून बसलेला. गटाने मात्र याची दखल घेतली होती. रिपोर्टात ‘निरीक्षणे’ या मथळ्याखाली छापलं होतं: ‘पंप कार्यरत असताना सभोवतालच्या वातावरणाच्या तापमानात सुमारे २ अंशांची वाढ होते.’ पुढे कळलं, की परीक्षकांनी त्या वाक्याखाली बरोबरची खूण केली आणि हे शेतकऱ्यांपर्यंत पोचवायला हवं असं तोंडी सांगितलं.

यावर उपाय चिपमध्येच आहे. तिच्यात १.१ व्होल्टचा स्वतःचा रेफरन्स आहे. नेमका १.१ म्हणाल तर तसा नाही. एका चिपमध्ये तो १.० असेल, दुसरीत १.२. पण आपल्या चिपमध्ये जो काही असेल तो पंप चालो वा बंद पडो, फारसा हलत नाही. मल्टिमीटरने एकदा मोजायचा आणि कोडमध्ये लिहून टाकायचा. मग ३० अंशांना ६१ ऐवजी २७९ च्या आसपास आकडा येतो आणि एका अंशाचे दोनाऐवजी नऊ भाग होतात. मोजमाप ११० अंशांपर्यंतच जाईल, पण त्यापुढे कुंडीतल्या झाडालाही रस राहत नाही. मातीच्या सेन्सरला मात्र ५ व्होल्टचाच रेफरन्स ठेवा. तो सेन्सर त्याच ५ व्होल्टवर जगतो. ते उतरले की त्याचं व्होल्टेज आणि मोजपट्टी दोन्ही सारखीच उतरतात आणि आकडा जागेवर राहतो. रेफरन्स बदलल्यानंतरचं पहिलं माप टाकून द्या, असंही डेटाशीटमध्ये लिहिलेलं आहे. ते वाक्य वाचलेला विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.

रेफरन्स बाहेरून द्यायचा असेल तर ए-रेफ नावाची वेगळी पिन आहे. द्यायचा नसेल तर तिथे एक छोटा कपॅसिटर लावून गप्प बसावं. पण मोकळी पिन दिसली की मुलांचे हात शिवशिवतात. ‘काका, रिकामी होती म्हणून ३.३ व्होल्ट दिले.’ आणि प्रोग्राममध्ये रेफरन्स सांगितलेला असतो आतल्या ५ व्होल्टचा. मग चिपच्या पोटात ५ आणि ३.३ एकमेकांना भिडतात. अशा वेळी चिप गरम होऊ शकते. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये दशांशचिन्हाशिवाय कळणारं तेवढं एकच तापमान.

मातीच्या सेन्सरबद्दल काय बोलावं! दोन दात्यांचा काटा, त्याला दोन वायरी आणि निळा स्क्रू असलेला छोटा बोर्ड. माती कोरडी असेल तर आकडा मोठा, ओली असेल तर लहान. पण माणसाला उपजतच वाटतं, की आकडा मोठा म्हणजे ओलावा जास्त. त्यामुळे पहिल्या प्रात्यक्षिकात पंप हटकून उलटा चालतो. माती जितकी ओली, तितकं आणखी पाणी. कुंडी भरते, ताटली भरते, टेबल भरतं आणि शिपाई मामा पोतेरं घेऊन येतात. हे सुधारलं की दुसरी गंमत. काट्याची वायर तुटली तर आकडा १०२३, म्हणजे वाळवंट, म्हणजे पंप चालू. शिवाय काट्यातून सतत वीज वाहत राहिली की ओल्या मातीत दात्यांचं तांबं झिजून जातं, आकडा हळूहळू चढतो आणि यंत्राला वाटतं दुष्काळ पडला. सेन्सर मरत असतो आणि पाणी झाडाला मिळत असतं.

हा आकडा मग शंभरातला करून ‘ओलावा ६३.४२ टक्के’ असा पडद्यावर झळकतो. कशाचे टक्के, हे कोणी विचारत नाही. एका गटातल्या चौथ्या मुलाला, म्हणजे चहा सांगणाऱ्याला, मी सहज विचारलं, ‘तुझ्या घरी शेती आहे ना रे? बाबा ओलावा कसा बघतात?’ तो लाजला. मग त्याने कुंडीतली मूठभर माती घेतली, दाबली, लाडू केला, वरून टाकला. लाडू फुटला. ‘वाफसा आहे काका. आत्ता पाणी नको.’ पडद्यावर तेव्हा ५४० होते. मी म्हटलं, ‘हा ५४० लिहून ठेव. तुमच्या रिपोर्टातला हा पहिला खरा आकडा.’ त्यांनी लिहून ठेवला. नंतर गाइड सरांनी ‘हे फार घरगुती वाटतं’ म्हणून खोडायला लावला.

आकडे थरथरतात, त्यावर मुलांकडे एकच औषध असतं: सरासरी. शंभर मापं घ्या, सरासरी काढा. थरथर कमी होते हे खरं. पण लोंबकळणाऱ्या वायरीची सरासरी काढली तर मिळते ती लोंबकळणाऱ्या वायरीची सरासरी, फक्त दशांशचिन्हापुढे आणखी दोन घरं घेऊन. चिप बनवणाऱ्यांनी थरथरीवर वेगळाच उपाय काढला आहे. माप घेताना चिपचा स्वतःचा मेंदू बंद ठेवायचा. प्रोसेसर झोपतो, त्याचा गोंगाट थांबतो, तेवढ्यात एडीसी शांतपणे मोजून घेतो आणि मग त्याला उठवतो. आमच्या कारखान्यातल्या काही बैठकांमध्ये ही सोय हवी होती.

तोंडी परीक्षेचा मुख्य प्रश्न यातला कुठलाच नसतो. तो असतो: भागायचं १०२३ ने की १०२४ ने? यावरून दोन पंथ आहेत. शेवटचा आकडा १०२३, म्हणून पूर्ण व्होल्टेज म्हणजे १०२३, असं एका पंथाचं म्हणणं. दुसरा पंथ म्हणतो, भाग १०२४ पाडलेत, म्हणून १०२४. डेटाशीटमधलं सूत्र दुसऱ्या पंथाच्या बाजूचं आहे, त्यात १०२४ आहे, आणि १०२३ म्हणजे रेफरन्सहून एक भाग कमी, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. फरक पडतो जास्तीत जास्त एका भागाचा, तोही अशा चिपवर जी दोन भाग इकडेतिकडे होणारच असं आधी सांगून बसली आहे. पण मार्क कापले जातात ते इथे. पंपाने तापणाऱ्या वातावरणाचे मार्क कोणी कापत नाही.

आता ऊनो जुना झाला म्हणून नवे बोर्ड येतात, त्यांचे नखरे नवे. ईएसपी३२ मध्ये १२ बिटांचे दोन एडीसी आहेत, पण वाय-फाय चालू असेल तेव्हा दुसरा वापरता येत नाही. शेतातला आकडा मोबाइलवर पाठवायला घेतलेला बोर्ड पाठवत असेल तर मोजत नाही आणि मोजत असेल तर पाठवत नाही, हा अनुभव तो दुसरा एडीसी निवडणाऱ्यांना येतोच. एसटीएम३२एफ१०३ मध्ये एडीसी चालू करायच्या बिटात दोनदा १ लिहायचा. पहिल्यांदा तो नुसता उठतो, दुसऱ्यांदा कामाला लागतो. घरात तरुण मुलगा असलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आणि काही पालक हौसेने थेट रास्पबेरी पाय घेऊन देतात, महागातला, पूर्ण कॉम्प्युटर. त्यात एडीसी नसतोच. ‘काका, याला आकडाच येत नाही,’ असं तो मुलगा रडवेला होऊन सांगतो, तेव्हा मला त्या बोर्डाविषयी आदर वाटतो.

तर यंदा ज्यांच्या घरी शेवटचं वर्ष आहे, त्यांना एवढंच सांगणं. सेन्सर लावण्याआधी ती पिन वायरीने ग्राउंडला जोडा. ० आला पाहिजे, फार तर १-२. मग तीच वायर बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या पिनला लावा. रेफरन्स ५ व्होल्टचा असेल तर ६७५ च्या आसपास आकडा आला पाहिजे. दोन्ही ठीक आले तर चिपची आणि कोडची तक्रार नाही, पुढे जे चुकेल ते सेन्सरचं. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी प्रत्येक दुकानात असतेच, तेव्हा सेन्सर दोन घ्या.